येळवस नकाशात सापडलं नाही

"मॅडम, रागावू नका. पण त्या दिवशी विमान खरंच ब्लॉकवर गेलं होतं ना?"

सबनीस सरांनी फोनवर हे विचारलं तेव्हा मी नांदेडच्या विमानतळावर पंखाखाली उभी होते. हातात छोटी बाटली होती. टाकीच्या तळातलं थोडं इंधन बाटलीत काढायचं आणि त्यात पाणी उतरलंय का ते उजेडात धरून बघायचं, हे मी रोज करते. इंधन भरणारा शपथेवर सांगत असला तरी करते. मी संशयी बाई आहे, आणि या धंद्यात त्याचा मला फायदाच झालाय. पण माझ्यावर कुणी असा संशय घेतला नव्हता. सबनीस सर आमच्या कंपनीचे पुण्यातले ऑपरेशन्स हेड. अकरा वर्षं ओळखतात मला. तरी वाक्याच्या शेवटी तो "ना" आलाच.

मी सर्व्हेची विमानं चालवते. वैमानिक म्हटलं की लोकांना मुंबई-दिल्ली, गणवेश, ट्रॉली बॅग असं काहीतरी दिसतं. माझं विमान छोटं आहे. दोन इंजिनं, आणि पोटाला भोक पाडून त्यात बसवलेला कॅमेरा. पुढे मी, मागे कॅमेरा ऑपरेटर. जमिनीपासून दीडेक किलोमीटरवर सरळ रेषेत जायचं, टोकाला वळायचं, शेजारच्या रेषेत परत यायचं. शेतकरी नांगराने तास घालतो तसंच, फक्त आमचा एक तास चाळीस किलोमीटरचा. खाली कॅमेरा दर काही सेकंदांनी फोटो काढतो. रेषेवरून जरा घसरलं की ती ओळ दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून.

पाऊस संपून आभाळ धुतलं की आमचा सीझन सुरू होतो. मग दोन-अडीच महिने घर नाही. तो माझा नांदेडमधला त्रेसष्टावा दिवस होता. घर साताऱ्यात. मुलगा नववीत. सासूबाई मोबाईलवरच्या ॲपमध्ये माझं विमान बघतात. आम्ही कमी उंचीवरून उडतो, त्यामुळे त्या ॲपमधून विमान मध्येच गायब होतं. मग संध्याकाळी पहिला प्रश्न, दुपारी दोन तास कुठे होतीस. मी त्यांना दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा सोडून दिलं.

तर सबनीस सर. मी विचारलं, झालंय काय ते नीट सांगा.

ते समजायला जमिनीवरचं थोडं सांगायला हवं. वरून काढलेले फोटो नकाशात नीट बसवायचे तर खाली काही खुणा लागतात. आमचा ग्राउंड सर्व्हेअर आधी जाऊन मोकळ्या जागी चुन्याची मोठी पांढरी फुली काढतो. त्या फुलीच्या मध्यावर डीजीपीएस नावाचं यंत्र काठीवर उभं करून जागेचा अचूक आकडा घेतो. मग नोएडाच्या आमच्या ऑफिसातली मुलं संगणकावर फोटो उघडतात, फुली शोधतात आणि तिच्यावर क्लिक करतात. फोटोतली फुली आणि जमिनीवरचा आकडा जुळला की नकाशा खरा.

जळकोट-उदगीरकडचा ब्लॉक, म्हणजे सर्व्हेसाठी आखून दिलेला पट्टा, मी दोन दिवसांत केला होता. एक दिवस पश्चिमेकडच्या ओळी. मग दोन दिवस हवा धुरकट, मी हॉटेलात. तिसऱ्या दिवशी पूर्वेकडच्या ओळी. दोन दिवसांच्या कामाची शिवण जिथे येते, तिथे एकच शेत दोन्ही दिवसांच्या फोटोंत दिसतं. त्या शिवणीवर तीन फुल्या होत्या. तिन्ही जुळत नव्हत्या. एक चौदा मीटरने, एक अकरा, एक सतरा.

"फुली काही चालत जात नाही मॅडम," सबनीस सर म्हणाले. "दोन दिवसांपैकी एका दिवसाचा डेटा गडबड आहे."

"मग पहिल्याच दिवसावर संशय का?"

"कारण त्या दिवसाचा तुमचाच डेली रिपोर्ट."

त्यांनी तो वाचून दाखवला. इंग्रजीतच होता, पण मराठीत एवढाच: शेताशेतांत लोकांचे असामान्य जमाव, सर्व्हेला विरोध असण्याची शक्यता. ग्राउंड सर्व्हेअर गैरहजर. येळवस येथे गेल्याचे सांगतो. हे गाव नकाशात आढळले नाही, पडताळता आले नाही.

ऑफिसने मग त्या सर्व्हेअरला, म्हणजे बालाजीला, फोन करून येळवसचं लोकेशन मागितलं होतं. त्याने पाठवलंही. ते उघडलं तर रानात. ना घर, ना रस्ता, ना गाव.

आता ऑफिसच्या बाजूने बघा. खाली माणूस नाही. ज्या गावी गेला म्हणतो ते गाव नाही. लोकांचा विरोध होता असं वैमानिकच लिहितेय. मग वैमानिक घाबरून दुसरीकडेच चकरा मारून आली, फोटो दुसऱ्याच दिवशीचे लावले आणि विमान कुठे कुठे गेलं त्याची लॉग फाइल नंतर जुळवून ठेवली, असं कुणीही म्हणेल. टॉवरला माझं उड्डाण आणि उतरणं माहीत, मधल्या चार तासांत मी कुठे होते ते टॉवरही सांगू शकत नाही. कॅमेरा ऑपरेटर माझ्या बाजूने बोलला. पण तो माझ्याच विमानातला, त्याचं कोण ऐकतं.

लेखी खुलासा तीन दिवसांत. तोवर उड्डाण बंद. खुलासा पटला नाही तर क्लायंटला कळवणार, आणि क्लायंट ते वरपर्यंत नेणार. वैमानिकाच्या लॉगवर एकदा खोटेपणाचा शेरा बसला की त्याला पुन्हा कुणी विमान देत नाही. एकोणीस वर्षं मी हा एकच धंदा केलाय. मला दुसरं काही येत नाही. मी बाटलीतलं इंधन ओतून दिलं आणि विमानाला दोर बांधले.

त्या दिवसाचं सांगते. आदल्या संध्याकाळी बालाजी हॉटेलच्या खाली भेटला. चौतिशीचा, सिव्हिल डिप्लोमा, जळकोट तालुक्यातला, दोन मुलींचा बाप. कामाला वाघ, पण बोलायला कंजूस. तो म्हणाला, "मॅडम, उद्या म्या नसतोय. येळवसला जाऊन राहिलो. घरचे समदेच चाललेत."

मी हो म्हटलं. सकाळी हॉटेलात चहा आणायला कुणी नाही. मॅनेजर म्हणाला, पोरं येळवसला गेली. विमानतळावर इंधनाच्या गाडीवरचा माणूस नाही. तोही येळवसला. मी साताऱ्याची. आमच्याकडे हा शब्दच नाही. एवढी माणसं जातात म्हणजे येळवस मोठं गाव असणार, तिथे जत्रा असणार, असं मी धरून चालले. इकडे येरोळ आहे, येणेगूर आहे, तसं येळवस. उडण्याआधी नकाशात शोधलं, कारण जत्रेवरून विमान नेलं की लोक तक्रार करतात. नांदेड जिल्हा पाहिला, लातूर पाहिला. मोबाईलवर पाहिलं. नाही. मनात शंकेची पाल चुकचुकली. मला वाटलं, सगळ्यांनी मिळून सुट्टी मारलीय आणि मला गाव सांगतायत.

वर गेल्यावर आणखीच विचित्र. गावं ओस पडलेली. रस्त्यावर एसटी सोडून काही नाही. आणि शेतांत माणसंच माणसं, तांदूळ सांडल्यासारखी. प्रत्येक शेतात. कुठे कुठे माणसांची ओळ शेताच्या कडेकडेने गोल फिरतेय. मी ऑपरेटरला म्हटलं, हे आपल्या फुल्या शोधतायत. तो पालघाटचा, त्याला काय माहीत. तो म्हणाला, हो कॅप्टन, तसंच दिसतंय. उतरल्यावर मी तो रिपोर्ट लिहिला. जे दिसलं ते लिहिलं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आता खुलाशाची वेळ आली तेव्हा माझा संशय सरळ बालाजीवर गेला. सर्व्हेच्या धंद्यात एक जुनी चोरी आहे. उन्हातान्हात शेतं कोण तुडवणार म्हणून सर्व्हेअर रस्त्याच्या कडेला गाडीत बसूनच दोन-चार आकडे घेतो आणि बाकीचे अंदाजाने भरतो. त्या तीन फुल्या रस्त्यापासून लांब होत्या. माणूस खोटं गाव सांगून सुट्टी घेतो, तो खोटी फुली का मारणार नाही? आणि खरं सांगायचं तर मला तो दोषी हवा होता. त्याचं काम खोटं ठरलं की माझं खरं ठरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला यंत्र घेऊन बोलावलं. कुठे जायचं ते सांगितलं नाही. लोहा गेलं, कंधार गेलं, तरी सांगितलं नाही. तीन पॉइंटचे, म्हणजे त्या फुल्यांचे, नंबर माझ्या खिशात. आधी कळलं तर फोन करून कुणाकडून तरी फुली काढून घेईल, ही माझी भीती.

कंधारच्या पुढे त्याने विचारलं, "मॅडम, पॉइंट चेक करायचेत का?"

"हो."

"मग सांगायचं की. दुसऱ्या रस्त्यानं आलो असतो. ह्यो खराब हाय."

ऑफिसचा फोन आला होता का, हेही मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. पण त्याला सगळं कळलंय हे मला कळत होतं. तो मान वळवून खिडकीबाहेर बघत होता.

पहिलं शेत माणिकमामांचं. जळकोटच्या अलीकडे, गावापासून दोन किलोमीटर आत. ज्वारी छातीपर्यंत आलेली, एका अंगाला हरभरा, आणि कडेला त्यांचा आखाडा, म्हणजे बैल बांधायची आणि अवजारं ठेवायची जागा. मामा कानटोपी घालून बैलांना वैरण टाकत होते. आम्हाला पाहिलं, बालाजीच्या हातातली यंत्राची काठी पाहिली आणि त्यांचं तोंड आंबलं.

"आले का परत," ते म्हणाले.

बालाजी हरभऱ्याच्या कोपऱ्यात गेला. जमीन ओली, मऊ. फुली नाही. चुन्याचा कणही नाही. तो वाकून माती चाचपडत राहिला आणि म्हणाला, इथंच होती मॅडम. सापडला, एवढंच मनात आलं. बरं वाटलं मला. ते आठवलं की आज लाज वाटते.

मी मामांना विचारलं, इथे चुन्याची फुली होती का.

"कसली फुली? आमच्या रानात न्हवती कुठली फुली."

"मामा, असं कामून म्हणता?" बालाजी म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. त्याने मोबाईल काढला आणि पॉइंट कार्ड उघडून माझ्यापुढे धरलं. प्रत्येक फुलीचं एक कार्ड असतं. त्यावर नंबर, आकडा, हाताने काढलेला कच्चा नकाशा आणि जागेवरचा एक फोटो. हे कार्ड दर वेळी मलाही येतं. मी आकडे बघायचे. फोटो कधी उघडलेच नव्हते.

फोटोत हाच हरभऱ्याचा कोपरा होता. चुन्याची ठसठशीत फुली. तिच्या मध्यावर यंत्राची काठी. आणि काठी धरून, कानटोपी घालून, ताठ उभे माणिकमामा.

मामांनी फोटो बघितला. मग बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पुसली म्या. येळवस झाली, दुसऱ्या दिशी पाणी सोडलं. माझ्या साडूच्या रानात अशीच फुली मारली व्हती. दोन साल झाले, रान सरकारनं घेतलं आन साडू बी कुणासंगं बोलत न्हाई. तुमचं इमान तर तीनदा गेलं डोक्यावरून. काय समजावं माणसानं?"

मी म्हटलं, मामा, हा फक्त नकाशा आहे. त्यांच्या साडूलाही कुणीतरी हेच सांगितलं असणार.

म्हणजे फुली होती. बालाजी आला होता, त्याने काम चोख केलं होतं. फुली नंतर पुसली गेली. पण मग माझं कोडं वाढलंच. पहिल्या दिवसाच्या माझ्या फोटोंत फुली दिसायला हवी, आणि ती दिसत होती. तीन दिवसांनंतर मात्र तिथे ओली माती होती. तरी नोएडाच्या मुलांनी दुसऱ्या दिवसाच्या फोटोंत फुली शोधून क्लिक केली होती. जी नव्हतीच, ती कशी सापडली?

मी टॅबवर दुसऱ्या दिवसाचा फोटो उघडला आणि त्यांनी क्लिक केलेली जागा मोठी केली. एक पांढरा ठिपका. कडा फाटलेल्या, पण पांढराशुभ्र, मध्ये एक आणि चार बाजूंना चार. वरून बघितलं तर ओबडधोबड फुलीच. मी टॅब हातात धरून चालायला लागले. बोरीच्या झाडापाशी वीसेक पावलं भरली असतील नसतील तोच पायाशी पाच दगड आले. चुन्याने रंगवलेले, मध्ये एक, भोवती चार. वर वाळलेली फुलं आणि कुंकू. बाजूला कडब्याचा चुरा पडलेला.

एक दगड उचलून बघावा म्हणून मी वाकले.

"हात नका लावू, ताई. पांडव हायती ते."

आखाड्यातून मामांची बायको आली होती. हातात पाण्याचा तांब्या. मी मागे सरकले. बालाजी चपला काढून हात जोडत होता.

"कसले पांडव?" मी विचारलं.

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. लातूरच्या रानात उभं राहून असं विचारणारी बाई त्यांनी पाहिली नसावी. त्यांनी सांगितलं ते असं. मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं घर शेतात येतं. पाच दगड चुन्याने रंगवून पांडव मांडायचे, त्यांच्यावर कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी करायची, पूजा करायची. आंबील शिंपडत शेताभोवती फिरायचं. मग मिसळीच्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि आल्यागेल्याला बोलावून जेवू घालायचं. अनोळखी माणसालाही सोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी कोप मोडून कडबा बैलांना घालायचा. पांडव तिथेच राहतात.

"हीच येळवस," बालाजी म्हणाला. "वेळ अमावास्या. येळवस गाव न्हाई मॅडम."

येळवस मी दोन जिल्ह्यांच्या नकाशांत शोधलं होतं. ते सगळ्या शेतांत पसरलेलं मी दीड किलोमीटरवरून चार तास बघत होते, आणि त्यावर विरोधी जमाव असं लिहून मोकळी झाले होते.

"मग ऑफिसला लोकेशन कसलं पाठवलंस?"

"त्यांनी विचारलं येळवसचं लोकेशन द्या. आमची येळवस आमच्या शेतात असती. शेताचं दिलं."

मी पहिल्या दिवसाचा फोटो उघडला. बोरीजवळ, पांडवांच्या जागी, कडब्याची छोटी टोपी दिसत होती आणि भोवती दहा-बारा ठिपके. मामांचं कुटुंब जेवायला बसलेलं. कोप होती म्हणून खालचे पांढरे दगड त्या दिवशी झाकलेले, आणि हरभऱ्यातली फुली उघडी. तीन दिवसांनी उलटं. फुली पाण्याखाली गेलेली आणि दगड उघडे. नोएडात दोन दिवसांचे फोटो दोन वेगळ्या मुलांकडे होते. ज्याला पांढरं जे दिसलं, त्याने त्यावर क्लिक केलं.

बालाजीने पांडवांच्या शेजारी काठी उभी केली, दगडाला लागणार नाही अशी. आकडा आला. ऑफिसच्या चुकलेल्या फुलीशी वीतभराच्या फरकाने जुळला. माझा लॉग खरा होता, आणि आता तो खरा आहे हे मला दाखवता येणार होतं.

पण माझा स्वभाव. एक गोष्ट डोक्यात वळवळत होती. दर शेतात पांडव असतात, दर शेतात येळवस होते. मग गोंधळ याच तीन फुल्यांवर का? बाकीच्या पन्नास जागी पांडव कुणी का नाही क्लिक केले? गावातला चुना असा झगझगीत नसतो, पाण्यात कालवून लावतात, चार दिवसांत मळतो. हे दगड आमच्या फुलीइतकेच पांढरे होते.

"मावशी, हा चुना कुठला?"

मावशींनी बालाजीकडे बोट केलं. "ह्या भावानंच दिला की वो. येळवस तोंडावर आलती, दुकानात जायला सवड न्हाई. पिशवीत उरलाय, घ्या म्हणाला. लई चांगला चुना."

बालाजी मान खाली घालून काठीचे स्क्रू सैल करत राहिला. मग म्हणाला, "तीन ठिकाणी दिला मॅडम. लांबची शेतं होती. सण होता म्हणून दिला. चूक झाली."

ती तीन ठिकाणं माझ्या खिशातल्या कागदावर होती.

उरलेली दोन शेतंही आम्ही त्याच दिवशी पाहिली. तेच. फुली एका ठिकाणी नांगरलेली, एका ठिकाणी शेळ्यांनी तुडवलेली, आणि पांडव पांढरेशुभ्र. आकडे जुळले. मामांच्या शेतातून निघताना मावशींनी येळवसची खीर तर संपली म्हणून नुसताच गूळ हातावर ठेवला होता. तो मी गाडीत खाल्ला. बालाजीला म्हटलं, तुझ्यावर मी संशय घेतला, माझं चुकलं. तो म्हणाला, "हाव." बस, एवढंच.

परतल्यावर खुलासा लिहिला. फोटो जोडले. कोप, पांडव, पाणी सोडल्याची ओली जमीन, तिन्ही जागांचे नवे आकडे. वेळ अमावास्या म्हणजे काय यावर अर्धं पान. एवढं सगळं लिहिलं, एक गोष्ट सोडून. दगडांना लावलेला चुना कुठून आला हे मी लिहिलं नाही. एकोणीस वर्षांत माहीत असलेली गोष्ट रिपोर्टमधून वगळायची माझी ती पहिली वेळ. विचारलं असतं तर खोटं बोलले नसते. कुणी विचारलं नाही.

लातूरला क्लायंटच्या ऑफिसात मीटिंग झाली. सबनीस सर पुण्याहून आले. मी प्रोजेक्टर लावेपर्यंत क्लायंटचे इंजिनिअर, उदगीरचे गृहस्थ, माझा छापील फोटो हातात घेऊन बघत होते. पहिलंच वाक्य म्हणाले, "पांडवावर क्लिक केलं का हो तुमच्या लोकांनी?" आणि हसायला लागले. अर्ध्या पानाची गरजच पडली नाही. माझ्यावरचा संशय मिटायला एक मिनिट लागलं, कारण समोरच्या माणसाला एक शब्द माहीत होता. नोएडाहून मात्र मेल आला, की शेतकऱ्यांना पुढच्या वर्षी दगडांना वेगळा रंग लावायला सांगता येईल का. त्याचं उत्तर मी दिलं नाही.

माझं उड्डाण दुसऱ्या दिवशी सुरू झालं. लॉगवर शेरा नाही. उरलेले ब्लॉक संपवून एक्याऐंशीव्या दिवशी मी घरी गेले.

बालाजीचं तेवढं सोपं झालं नाही. डेली रिपोर्ट एकदा सबमिट केला की बदलता येत नाही. आमच्या सिस्टिममध्ये खाली फक्त शेरा जोडता येतो. मी जोडला: येळवस हे गाव नाही, सण आहे. सर्व्हेअरने दिलेली माहिती खरी होती. पण वरची ओळ तशीच राहिली. गैरहजर, पडताळता आले नाही. पुढच्या प्रोजेक्टची माणसं निवडली तेव्हा निवडणाऱ्याने वरची ओळ वाचली, शेऱ्यापर्यंत गेला नाही. मी सबनीस सरांना दोनदा फोन केला. ते म्हणाले, बघतो. पाहिलं असेलही. बालाजी आता उदगीरमध्ये खाजगी मोजणीची कामं करतो. काम बरं चाललंय असं त्यानेच सांगितलं. मला त्याचं वाईट वाटतं, आणि ते वाटणं त्याच्या काही उपयोगाचं नाही हेही कळतं.

यंदाच्या सीझनला मी ओडिशात होते. एका सकाळी पंखाखाली बाटली धरून उभी असताना मोबाईल वाजला. बालाजीचा मेसेज. शब्द एकही नाही, नुसतं लोकेशन. उघडून पाहिलं तर रानात. ना घर, ना रस्ता, ना गाव.

मी तारीख पाहिली. मग त्याला फोन लावला आणि जेवायला काय काय केलंय ते विचारलं.

इंधन मी अजूनही रोज तपासते, ते सुटणार नाही. पण 'पडताळता आले नाही' असं लिहिण्याआधी आता त्याच माणसाला विचारते, म्हणजे काय रे बाबा. दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ त्या दिवशीही माझ्याकडे होता.